किंग हेन्रीज रोडवरील इमला

महाराष्ट्र शासनाच्या मालकीच्या इमारतींची मोजदाद करावयास कोणी बसले, तर कचेऱ्या, विश्रामगृहे, शाळा आणि गोदामे यांच्या त्या लांबलचक जंत्रीत एक वास्तू अशी आढळेल, की जिचा पत्ता ना कोणत्या तहसिलीत आहे ना कोणत्या जिल्ह्यात. ती लंडन शहराच्या वायव्य भागात, प्रिमरोझ हिल या टेकडीच्या पायथ्याजवळ, किंग हेन्रीज रोड नावाच्या रस्त्यावर दहाव्या क्रमांकाने उभी आहे. चार मजल्यांचे, दोन हजार चौरस फुटांहून थोडेसे अधिक क्षेत्र असलेले, दोन्ही बाजूंनी शेजारच्या घरांना खेटून उभे असलेले हे घर २०१५ साली तीस लाख पौंडांहून अधिक किंमत मोजून महाराष्ट्राने विकत घेतले, आणि त्याच वर्षीच्या १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्मारक म्हणून खुले झाले. कारण १९२१ आणि १९२२ या वर्षांत विद्यार्थिदशेतील आंबेडकरांचे वास्तव्य या घरात होते.

गोंदियाच्या वाचकाला या घराची माहिती सांगण्यास एक जवळचे निमित्त आहे. १९५४ साली, जेव्हा गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचा एक भाग होता आणि भंडारा जिल्हा जुन्या मध्यप्रदेश राज्यात मोडत होता, तेव्हा बाबासाहेबांनी लोकसभेची आपली अखेरची निवडणूक याच भंडारा मतदारसंघातून लढविली आणि सुमारे आठ हजार मतांनी ते पराभूत झाले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ज्यांना मत दिले किंवा दिले नाही, त्या पुरुषाच्या विद्यार्जनाची ही जागा आहे. तिच्याविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात घरात राहणाऱ्याचे वर्णन पुष्कळ आणि घराचे वर्णन अगदी थोडे, असे झालेले आहे. ते स्वाभाविकही आहे. तथापि विटा, खिडक्या, जिने आणि तळघरे यांनाही आपली एक कथा असते, आणि या घराच्या बाबतीत ती कथा त्याच्या सुप्रसिद्ध रहिवाशाच्या चरित्रापासून निराळी काढता येत नाही, असे माझे मत आहे.

प्रथम जमिनीविषयी. हा सारा टापू मध्ययुगात चाल्कॉट्स या नावाने ओळखला जाई आणि त्याचे उत्पन्न लंडनमधील सेंट जेम्स या महारोग्यांच्या आश्रमाकडे जाई. १४४९ साली सहाव्या हेन्री राजाने तो आश्रम, त्याच्या जमिनींसह, आपण नुकत्याच स्थापन केलेल्या ईटन येथील विद्यालयास इनाम दिला. पुढे आश्रमाची मूळ जागा आठव्या हेन्रीने आपल्या राजवाड्यासाठी घेतली, पण चाल्कॉट्सची शेते ईटनकडेच राहिली. गावाबाहेर काढलेल्या रोगग्रस्तांच्या पोषणासाठी राखलेली जमीन इंग्लंडमधील सर्वांत प्रतिष्ठित शाळेच्या मालकीची होते, त्या शाळेच्या संस्थापक राजाचे नाव रस्त्याला मिळते, आणि त्याच रस्त्यावर सुमारे चारशे वर्षांनंतर घरे उठून त्यांतील एकात, आपल्या देशात वेशीबाहेर ठेवलेल्या समाजातील एक विद्यार्थी येऊन राहतो, हा योगायोग इतिहासाने जुळवून आणलेला आहे. लेखकाला त्यात पदरचे काही घालावे लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत येथे गवताची कुरणे होती. लंडन वाढत वाढत उत्तरेकडे सरकू लागले, तेव्हा ईटनच्या विश्वस्तांनी ही जमीन इमारतींसाठी खुली केली. १८३० नंतर लंडन आणि बर्मिंगहॅम यांस जोडणारा लोहमार्ग याच टेकडीखालून नेण्याचे ठरले. लोहमार्ग उघड्यावरून गेल्यास घरबांधणीच्या जमिनीचे मोल घटेल, म्हणून तो बोगद्यातूनच न्यावा आणि बोगद्याचे तोंड देखणे असावे असा आग्रह जमीनमालकाने धरला, आणि १८३७ साली पुरा झालेला तो बोगदा आपल्या दगडी, कोरीव मुखासह आजही संरक्षित वास्तू म्हणून उभा आहे. त्याच लोहमार्गाच्या लंडनमधील टोकाला, यूस्टन स्थानकापुढे, फिलिप हार्डविक याने उभारलेली भव्य ग्रीक धर्तीची कमान होती. ती मात्र १९६१-६२ साली पाडून टाकण्यात आली. एकाच मार्गावरील दोन समवयस्क वास्तूंपैकी एकीचे रक्षण झाले आणि दुसरीचे झाले नाही, ही गोष्ट लक्षात असू द्यावी, कारण पुढे तिच्याकडे परत वळावे लागेल.

लंडनमधील अशा रांगेतल्या घरांची घडण समजून घ्यावयाची तर त्यांच्यामागील जमिनीचा व्यवहार आधी समजला पाहिजे. मालक जमीन विकत नसे. तो बांधकाम करणाऱ्या मक्तेदारास ती दीर्घ मुदतीच्या, बहुधा नव्व्याण्णव वर्षांच्या, भाडेपट्ट्याने देई. मक्तेदाराने ठरल्या नमुन्याची, ठरल्या दर्जाची घरे बांधावीत, ती विकून आपला नफा काढावा, दरसाल जमिनीचे भाडे भरावे, आणि मुदत संपताच जमीन त्यावरील इमल्यासह मूळ मालकाच्या वंशजांकडे परत जावी, असा तो करार असे. शंभर वर्षांनी आपल्या हाती येणारी घरे पडकी नसावीत, ही मालकाची काळजी. आणि रस्त्याकडे तोंड असलेली प्रत्येक फूटभर भिंत पैसे मिळवून देते, म्हणून घर रुंदीला अरुंद आणि उंचीला व खोलीला मोठे असावे, हा मक्तेदाराचा हिशेब. या दोहोंच्या तडजोडीतून रांगेतले उंच, चिंचोळे, सारख्या चेहऱ्याचे घर जन्मास आले. आपल्याकडील मालगुजाराचा वाडा आडवा पसरतो, अंगण, ओसरी, माजघर, परसू असा मोकळेपणाने जमिनीवर ऐसपैस बसतो. लंडनचे घर जमिनीच्या दोरीने आवळले गेल्यामुळे उभे वाढते. त्याच्या शिल्पशास्त्राचा सगळा कस या उभेपणात लागलेला आहे.

त्या उभेपणाला कायद्याचेही वळण आहे. १६६६ च्या महाभयंकर आगीत लाकडी लंडन जळून खाक झाल्यावर दुसऱ्याच वर्षी कायद्याने ठरविले गेले की नवी घरे विटांची किंवा दगडांची असावीत आणि घराच्या आकारमानाप्रमाणे भिंतींची जाडी किती असावी याचे प्रमाण असावे. १७०७ साली छपराखालची लाकडी कंगोऱ्यांची पट्टी निषिद्ध झाली, म्हणून भिंतच वर चढवून छप्पर तिच्यामागे दडवावे लागले. १७०९ साली खिडकीची चौकट भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून चार इंच आत घेण्याचे बंधन आले, आणि १७७४ च्या कायद्याने तर चौकटीचा बराचसा भाग विटांच्या आड लपवावा लागला. आज ज्या खोलगट, सावली पडलेल्या खिडक्यांना आपण इंग्रजी अभिरुचीचे लक्षण मानतो, त्या मुळात आग पसरू नये म्हणून अंमलात आणलेल्या तजविजीचा परिणाम आहेत. दोन घरांमधील सामाईक भिंत छपराच्याही वर काढलेली दिसते, तिचे कारण तेच. एका घराच्या आढ्याला लागलेली आग शेजाऱ्याकडे सरकू नये.

किंग हेन्रीज रोडवरील घरांचा काळ १८५० नंतरचा, आणि हा काळ लंडनच्या घरबांधणीत मोठ्या सुदैवाचा होता. तोवर इंग्लंडमध्ये घरावर तीन कर होते. खिडक्यांच्या संख्येवर कर १६९६ पासून चालू होता. काचेवर जकात १७४५ सालापासून. आणि विटांवर १७८४ पासून. सरकारी तिजोरी भरण्यासाठी माणसाच्या घरातील उजेडावर पट्टी बसविणारा हा महसूल गरिबांच्या घरात अंधार आणि रोगराई पसरवितो, असा आवाज उठत उठत १८४५ साली काचेची जकात, १८५० साली विटांचा कर आणि १८५१ साली खिडक्यांचा कर, असे एकापाठोपाठ तिन्ही उठले. त्यानंतर बांधल्या गेलेल्या घरांत तावदाने मोठी झाली आणि खिडक्या वाढल्या. पूर्वी एका खिडकीत बारा-बारा लहान तावदाने असत. आता दोन-चार मोठ्या काचांत काम भागू लागले. मोठ्या काचेचे वजन पेलण्यासाठी वरखाली सरकणाऱ्या झडपेच्या वरच्या चौकटीला खाली दोन लहानशी शिंगे काढण्याचा प्रघात याच सुमारास पडला. ही झडप दोरी, कप्पी आणि भिंतीत दडविलेल्या लोखंडी वजनांच्या आधाराने बोटभर जोरावर उचलली जाते आणि हवी तेथे थांबते. वर थोडी आणि खाली थोडी उघडी ठेवली, की तापलेली हवा वरून बाहेर जाते आणि थंड हवा खालून आत येते. आपल्या उन्हाच्या प्रदेशात खिडकीचे काम ऊन अडवून वारा घेण्याचे; लंडनमध्ये ते वारा अडवून मिळेल तितका प्रकाश घेण्याचे.

लंडनची वीटही आपल्या विटेपेक्षा निराळी. आपल्या भागातील वीट भाजून तांबडी होते, ती मातीतील लोहामुळे; लंडनच्या चिकणमातीत खडू आणि शहरातील कोळशाची चाळलेली राख मिसळली जाई. राखेतले अर्धवट जळलेले कण भट्टीत विटेला आतूनच भाजत आणि खडूमुळे तिला पिवळसर रंग येई. शहराने चुलीत जाळलेला कोळसा राखेच्या रूपाने त्याच शहराच्या भिंतींत परत जात होता, आणि त्या भिंती पुढे त्याच कोळशाच्या धुराने काळवंडत होत्या. अशा घरांच्या खालच्या मजल्यावर, कित्येकदा खिडक्यांच्या आणि दरवाज्याच्या भोवतीही, गिलावा करून त्यावर दगडी चिऱ्यांच्या रेषा काढण्याची आणि तो पांढरट रंगविण्याची रीत होती. १७९६ साली पार्कर याने आपल्या लवकर घट्ट होणाऱ्या सिमेंटचे स्वामित्व घेतल्यापासून हा गिलावा स्वस्त झाला आणि मध्यमवर्गाला दगडी महालाचा भास परवडू लागला.

आता आत जाऊ. दहा क्रमांकाच्या घरासारख्या रांगेतील घराची मांडणी जवळजवळ ठरलेली असे. पाया खणताना निघालेली माती समोर टाकून रस्ता उंच करीत. त्यामुळे पुढून जे तळघर दिसते ते मागच्या अंगाला बागेच्या पातळीवर असते. रस्ता आणि घर यांच्यामध्ये लोखंडी कठड्याने वेढलेला एक खोलगट चौक, त्यात उतरणाऱ्या पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या तळाशी नोकरचाकर, दूधवाला, खाटीक यांच्यासाठी निराळा दरवाजा. मोठ्या घरांत फुटपाथच्या खालीच कोळशाची कोठी असे. तिला वर एक वाटोळे लोखंडी झाकण, म्हणजे कोळसेवाल्याने गोणी तेथेच रिकामी करावी आणि त्याचे काळे पाय घरात येऊ नयेत. तळघरात स्वयंपाकघर. त्यावरच्या मजल्यावर मुख्य दरवाजा, जेवणघर आणि यजमानाची खोली. त्याच्या वर घरातला सर्वांत मानाचा मजला, उंच खिडक्यांचा दिवाणखाना, जेथे पाहुणे येत. त्यावर शयनगृहे. सर्वांत वर, बुटक्या खिडक्यांमागे, मुले आणि मोलकरणी. रस्त्यावर उभे राहून नुसत्या खिडक्यांच्या उंचीवरून कोणत्या मजल्यावर कोणाचा दर्जा होता हे सांगता येते: मधली खिडकी सर्वांत उंच, वर आणि खाली ती लहान होत गेलेली. छप्पर पुढून दिसतच नाही. दर्शनी भिंतीमागे ते पुष्कळदा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे, मध्ये पन्हळ असलेले असते, आणि सामाईक भिंतींवर धुराड्यांच्या नळ्यांची रांग असते, प्रत्येक शेगडीला एक.

या सर्व मजल्यांना बांधून ठेवणारा अवयव म्हणजे जिना. घर इतके अरुंद, की प्रत्येक मजल्यावर एक खोली पुढे, एक मागे आणि बाजूला जिना, एवढेच बसते. मोलकरीण पहाटे पोटमाळ्यावरून उतरून तळघरातील चूल पेटवी, गरम पाण्याच्या बादल्या वर नेई, राखेची घमेली खाली आणी. तिच्या आयुष्याचे मोठे अंतर त्या पायऱ्यांवरच कापले जाई. वर्गभेद या घराच्या नकाशात कोरलेला आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. आपल्या वाड्यात कोणी वेशीपर्यंत, कोणी अंगणापर्यंत, कोणी ओसरीपर्यंत यावे हे जातीने ठरविलेले असे. तेथे ते वेतनाने ठरविलेले होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा नकाशा निकामी होऊ लागला. सुखवस्तू कुटुंबे लोहमार्गाने आणखी दूरच्या उपनगरांत गेली, पहिल्या महायुद्धानंतर घरकामाला माणसे मिळेनाशी झाली, आणि एका कुटुंबासाठी बांधलेली असंख्य उंच घरे खोल्याखोल्यांनी भाड्याने दिली जाऊ लागली. रांगेतले घर या उपयोगाला विलक्षण सोयीचे ठरले, कारण प्रत्येक खोलीला जिन्यावर स्वतंत्र दार, स्वतंत्र शेगडी आणि स्वतंत्र खिडकी होतीच. ज्या शिल्पशास्त्राने घरातल्या माणसांची उतरंड लावली होती, त्याच शिल्पशास्त्रामुळे आता कोणत्याही मजल्यावर कोणीही भाडेकरू होऊ शकत होता.

असाच एक भाडेकरू म्हणून आंबेडकर लंडनला राहिले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अर्धवट टाकावे लागलेले शिक्षण पुरे करण्यासाठी सिडनहॅम कॉलेजच्या प्राध्यापकीतून साठविलेली पुंजी, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज एवढ्या शिदोरीवर १९२० च्या जुलैत ते निघाले होते. १९२१ साली लंडन विद्यापीठाची एम्.एस्सी., १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टरी, आणि रुपयाच्या प्रश्नावरील ज्या प्रबंधाने १९२३ साली त्यांस डी.एस्सी. मिळाली त्याची पूर्वतयारी, हे सारे याच अर्धपोटी काळातले. त्यांचे वाचन मुख्यतः ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयात होई. सिडनी स्मर्क याने आखलेले, १८५७ साली उघडलेले, एकशे चाळीस फूट व्यासाच्या घुमटाखालील ते वाटोळे दालन या घरापासून सरळ रेषेत तीन-साडेतीन किलोमीटरांवर आहे. लंडनच्या वास्तुकलेचे दोन परस्परविरोधी नमुने त्यांच्या दिवसाच्या दोन टोकांना होते: एक, जेथे प्रत्येकाचा मजला ठरलेला, दुसरा, जेथे घुमटाखाली साऱ्या वाचकांची मेजे एकाच जमिनीवर.

हे मी केवळ अलंकार म्हणून लिहीत नाही. लंडनला निघण्यापूर्वी सुमारे पाच महिने, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ पत्राच्या पहिल्या अंकात आंबेडकरांनी हिंदू समाजाची तुलना अनेक मजली मनोऱ्याशी केली होती, आणि त्या मनोऱ्यातील खरा दोष म्हणून मजल्यांच्या असमानतेपेक्षाही, मजल्यामजल्यांना जोडणाऱ्या वाटेच्या अभावाकडे बोट दाखविले होते. ही दृष्टी बरोबर घेऊन आलेला मनुष्य पुढे अशा घरात राहिला, की जेथे मजले होते, उच्चनीचताही होती, परंतु घराचा कणा जिना हाच होता. त्या जिन्याविषयी त्यांनी काही लिहिले असे मी म्हणत नाही. तथापि इंग्रजी समाज आणि आपला समाज यांतील ज्या भेदावर ते आयुष्यभर विचार करीत राहिले, तो भेद बिनजिन्याचा मनोरा आणि हे घर या दोन वास्तूंच्या आकृतीत जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कोठे दिसेल.

आता संरक्षणाविषयी. जुन्या साध्या घरांचे रक्षण करावे हा विचार इंग्लंडमध्येही सहज रुजला नाही. १८८२ चा पहिला कायदा प्रागैतिहासिक अवशेषांपुरता होता. माणसे ज्यात राहतात अशा इमारतींच्या याद्या करण्याची खरी सोय १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांनी, युद्धातील बॉम्बवर्षावानंतर, झाली. यूस्टनची कमान पाडल्यावर जी हळहळ उसळली, तिने जनमत जागे केले, आणि १९६७ च्या कायद्याने एकेकटी इमारतच नव्हे तर संबंध परिसर संरक्षित ठरविण्याची मुभा मिळाली. १७०० पूर्वीची जवळजवळ प्रत्येक सुस्थितीतील इमारत, १८५० पर्यंतची बहुतेक, आणि त्यानंतरच्या इमारती निवडून यादीत घ्याव्यात, असा तेथील सामान्य दंडक आहे. व्हिक्टोरियाकालीन रांगेतली घरे हजारोंनी असल्यामुळे त्यांना खरा आधार मिळतो तो परिसराच्या संरक्षणाचा, आणि प्रिमरोझ हिलच्या भोवतालचा बराचसा भाग आज अशा क्षेत्रांत मोडतो. घरावरील गोल निळ्या पाटीने मात्र कायद्याचे संरक्षण मिळत नाही. ती स्मरणाची खूण आहे. अशा पाट्या लंडनमध्ये १८६७ पासून लावल्या जात आहेत. मेडा व्हेलमधील हाउली प्लेस येथे, लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये जेथे राहिले त्या घरावर १९६१ साली, आणि हायगेट येथील क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर, सावरकरांच्या वेळच्या इंडिया हाउसच्या इमारतीवर, १९८५ साली अशी पाटी लागली.

किंग हेन्रीज रोडच्या घराची परीक्षा वेगळ्याच बाजूने झाली. त्याचे स्मारकात रूपांतर करताना लागणारी रीतसर परवानगी स्थानिक कॅम्डेन परिषदेने नाकारली, कारण निवासी जागा घटते. काही शेजाऱ्यांनीही वर्दळीची हरकत घेतली. २०१९ साली जाहीर चौकशी झाली, आणि २०२० च्या मार्चमध्ये संबंधित खात्याच्या ब्रिटिश मंत्र्यांनी स्मारकाच्या बाजूने निर्णय दिला. या प्रकरणी आपल्याकडे रोष झाला. पण राहते घर राहतेच असावे हा परिषदेचा मुद्दा क्षुल्लक नव्हता, आणि राज्य सरकारसारख्या मालकालाही शेजाऱ्यांपुढे उभे राहून आपली बाजू मांडावी लागते, हे तेथील कायद्याचे बळच मानले पाहिजे.

आपल्याकडे किल्ले, लेणी आणि देवालये यांना कायद्याचे छत्र आहे. मुंबईत दादरचे राजगृह, जे बाबासाहेबांनी १९३० नंतर आपला ग्रंथसंग्रह डोळ्यांपुढे ठेवून बांधविले, त्याचीही कदर झाली आहे. परंतु गोंदिया, तिरोडा, आमगाव, अर्जुनी मोरगाव या भागांतील कवेलूंची जुनी घरे, मालगुजारांचे वाडे, रेल्वेच्या आरंभीच्या काळातील बंगले यांची साधी नोंदसुद्धा कोणी पद्धतशीर केलेली माझ्या पाहण्यात नाही. १९५४ च्या त्या निवडणुकीच्या दिवसांत बाबासाहेबांचे किंवा त्यांच्या कार्यकर्त्यांचे पाय ज्या घरांना लागले असतील, ती घरे ज्यांच्या कुटुंबाच्या स्मरणात आहेत त्यांनी घराचे छायाचित्र, मोजमाप आणि वडीलधाऱ्यांची हकीकत लिहून काढून ती गावच्या वाचनालयाच्या दप्तरी आजच दाखल करावी.